ज्या घरातून धूर निघाला नाही

श्रद्धा माणसाला घरात बसवते आणि सेवा त्याला घराबाहेर काढते, असं मी आयुष्याचा बराच काळ मानत आले. बायकांच्या बाबतीत तर फार ठामपणे. उपास, व्रतं, पोथी, पारायण यांत बाईचा जो वेळ जातो तो समाजाच्या कामातून वजा होतो आणि उरलासुरला वेळ संसार खाऊन टाकतो, असा माझा हिशेब होता. वर्गात मुलींना मी हेच सांगितलं, महिला मंडळात हेच सांगितलं, बचत गटांच्या बैठकांतही सांगितलं. आज मला तसं वाटत नाही.

हे मत कुणी वादात हरवलं म्हणून बदललं नाही. जळगावजवळच्या असोद्याच्या दोन बायकांची आयुष्यं मी शेजारी शेजारी ठेवून पाहू लागले आणि ते हळूहळू बदलत गेलं. त्यातली एक साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, बहिणाबाई चौधरी. दुसरी आमच्या गल्लीपलीकडे कुणाला माहीत नाही. ती माझी फुई, माझ्या वडिलांची थोरली बहीण. फुई भरल्या वयात गेली. नव्वदीच्या आसपास असेल. तिची जन्मतारीख कुणी लिहून ठेवली नव्हती. तिच्या गंधमुक्तीनंतर, म्हणजे दिवसकार्य आटोपल्यावर, घरच्यांनी मला सांगितलं, तू शिकलेली आहेस, तिच्यावर चार ओळी लिही. लिहायला बसले आणि लक्षात आलं की माझ्या जुन्या हिशेबात ही बाई कुठं बसतच नाही.

माझं आधीचं मत आलं कुठून, ते आधी सांगते, कारण ते उगाच आलेलं नव्हतं. आमच्या घरात साने गुरुजींचं नाव देवासारखं घेतलं जाई. गुरुजी 1924 पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणं आवरत होते, हे वडील आम्हांला सांगायचे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्यासाठी जिवाचं रान केलं, गुरुजी गावोगाव फिरले. त्या दिवसांच्या गोष्टी आमच्याकडे जेवताना निघत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट 1947 च्या मे महिन्यातली. पंढरपूरच्या विठ्ठलाचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गुरुजी प्राण पणाला लावून उपोषणाला बसले आणि दहाव्या दिवशी देऊळ खुलं करण्याचं ठरलं.

ही गोष्ट ऐकून माझ्या मनात एक सरळ प्रश्न उभा राहिला. ज्या श्रद्धेला माणसासाठी दार उघडायला एका सत्पुरुषाचा जीव पणाला लागतो, ती श्रद्धा काय कामाची? गावातही मला तसंच दिसत होतं. फुई तरुणपणी विधवा झाली आणि माहेरी परत आली. सवाष्ण जेवायला बसली की ती चुलीपाशी असायची. ओटी भरायच्या वेळी ती आपणहून मागच्या दारी जायची, कुणी तिला जा म्हणायचीही गरज नसायची. पुरणाच्या पोळ्या तिच्या हातच्या, पण पहिला मान दुसरीला. हे पाहत मी मोठी झाले. देवाधर्माच्या नावानं हे चालतं, तर तो देवधर्म मला नको, असं मी अगदी लहान वयात ठरवून टाकलं होतं. यातला राग आजही माझ्यात तसाच आहे आणि तो जाऊ नये अशीच माझी इच्छा आहे.

पुढं मी शिक्षिका झाले आणि बहिणाबाई शिकवायला लागले. असोद्याची माहेरवाशीण म्हणून वर्गात माझा ऊर भरून यायचा. 1880 साली नागपंचमीच्या दिवशी असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्म. वडील उखाजी, आई भिमाई; घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या तीन बहिणी. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरींशी लग्न. तिशीत वैधव्य. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही तीन मुलं. त्यांतल्या ओंकारला प्लेगनं कायमचं अपंगत्व आलेलं. अक्षरओळख नाही. 3 डिसेंबर 1951 ला जळगावात मृत्यू, आणि त्यानंतर 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाण्यांचं पुस्तक. हे सगळं मी फळ्यावर लिहून द्यायचे आणि मुलांना सांगायचे, पाहा, एवढं सोसून या बाईनं एवढं सुंदर निर्माण केलं.

माझा सगळा भर सोसण्यावर होता. बहिणाबाईंची श्रद्धा मी त्या सोसण्याचंच एक अंग धरत होते. बाईला दुसरा आधार नव्हता म्हणून तिनं देव धरला, असं मी सांगायचे. गावानं, भावकीनं, शेजारणींनी तिला काय दिलं आणि तिनं त्यांना काय दिलं, हा प्रश्न मी कधी विचारलाच नाही. परीक्षेत तो येत नव्हता.

आता फुईबद्दल. तिचा दिवस पहाटे सुरू व्हायचा. आंघोळ, तुळशीला पाणी, विठ्ठलाच्या तसबिरीपुढं दिवा, गळ्यातली माळ कपाळाला लावणं. मग ती ओट्यावर येऊन उभी राहायची आणि गल्लीतल्या घरांच्या माळवदांकडं पाहायची. मला लहानपणी वाटायचं, सूर्याला नमस्कार करतेय. नमस्कार ती करायचीच, पण त्यानंतरही बराच वेळ तिची नजर घरांवरून फिरत असायची. एकदा मी विचारलं, फुई, तू रोज काय पाहतेस? ती म्हणाली, “देव मले निरोप द्याले येत नाही वं. ज्या घरातून धूर नाही निंघाला, त्या घरी जाऊन पाहा लागते.”

सकाळी चूल पेटली नाही याचा अर्थ त्या घरात काहीतरी झालंय. बाई तापानं पडली असेल, रात्री भांडण झालं असेल, पीठ संपलं असेल, कुणी म्हातारं माणूस गेलेलं असेल. फुई पदर खोचून निघायची. जाताना हातात काहीतरी असायचंच: तांब्याभर दूध, वाटीत पीठ, नाहीतर नुसताच विस्तव. आत जाऊन ती फार विचारपूस करायची नाही. चूल पेटवायची, पाणी ठेवायची, लेकराचं तोंड धुवायची. बाकीचं ज्याला सांगायचं असेल तो आपणहून सांगायचा. अनेक बाळंतिणींचा सव्वा महिना तिनं असाच निभावून नेला. डिंकाचे लाडू, शेक, धुरी, अंगाला तेल. सगळं ती करायची, आणि बारशाच्या दिवशी पाळण्यापाशी सवाष्णी उभ्या राहिल्या की मागच्या ओळीत जाऊन उभी राहायची.

मी हे रोज पाहत होते. तरी याला सेवा म्हणायचं माझ्या मनात कधी आलं नाही. सेवा म्हणजे संस्था, ठराव, पावतीपुस्तक, वर्गणी, अहवाल. फुईचा चालला होता तो शेजारधर्म, आणि शेजारधर्म तर कुणीही करतो, असं मी धरून चालले होते. कुणीही करत नाही, हे मला जळगावच्या कॉलनीत राहायला गेल्यावर कळलं.

उन्हाळ्यातल्या बिबड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण माझ्या मताला पहिला धक्का तिथं बसला. ज्वारी भिजत घालायची, ती तीन दिवस आंबवायची, मग वाळवून दळायची. पहाटे अंधारात मोठ्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवायचं, त्यात तीळ, जिरं, लसूण, मिरची घालून पीठ सोडायचं आणि लाकडी चाटूनं दोघीतिघींनी मिळून घाटा हाटायचा. एकटीच्या हातानं तो हाटलाच जात नाही. मग खाटांवर ओली धोतरं अंथरून ऊन चढायच्या आत बिबडे थापायचे. वाळले की धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडायचं, आणि मग ते अलगद सुटून येतात. मुलांना गरम घाट्यावर तेल घालून वाटी मिळायची. त्या वाटीसाठी आम्ही झोप मोडून उठायचो.

हे काम पाळीनं चालायचं. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. गल्लीतल्या सगळ्या बायका सगळ्यांकडं. त्या पाळीची यादी कुठं लिहिलेली नव्हती, ती फुईच्या डोक्यात असायची. आणि ती यादी घरांच्या रांगेनं जात नसे. ज्या घरी बाई आजारी, जिथं नुकतं कुणी गेलेलं, जिचा नवरा परगावी कामाला, तिची पाळी आधी. “तिचा नंबर पयले लावा, तिले यंदा हात नाहीत,” एवढं ती म्हणायची आणि त्यावर कुणी वाद घालत नसे. ज्या घरी वर्षभराचे बिबडे झाले त्या घराची अब्रू राहिली, आणि ती अब्रू राखायचं काम सगळ्यांचं.

पुढं आम्ही गावोगाव बचत गट उभे केले. महिला आर्थिक विकास महामंडळ 1975 साली स्थापन झालं होतं. त्यानंतरच्या काही दशकांत गटांची चळवळ खेड्यापाड्यांत पोचली. मी सुट्टीच्या दिवशी बैठका घ्यायची. नियम समजावून सांगायची: दरमहा ठरलेली रक्कम, हजेरी, कर्ज कुणाला आधी द्यायचं ते गरज पाहून सर्वांनी मिळून ठरवायचं. काही ठिकाणी हे समजवता समजवता घसा कोरडा पडायचा. काही ठिकाणी मात्र बायका पहिल्याच बैठकीत माना डोलवायच्या. कर्जाची पहिली मागणी आली की त्यांच्यातलीच एखादी म्हातारी म्हणायची, आधी तिला द्या, तिच्या घरी अडचण आहे. हळूहळू मला दिसू लागलं की जिथं बिबड्यांची, कुरडयांची, शेवयांची पाळी अजून जिवंत होती, जिथं काकड्याला आणि हरिपाठाला बायका रोज एकत्र बसत होत्या, तिथं गटाला माझी फारशी गरज नव्हती. एकमेकींवर विसंबायचं शिक्षण त्यांचं आधीच झालेलं होतं. जी गोष्ट घडवायला मी फायली घेऊन हिंडत होते, ती माझ्या फुईच्या ओट्यावर केव्हापासून चालत आलेली होती.

त्यानंतर मी बहिणाबाई पुन्हा वाचायला घेतल्या. या खेपेला सोसणं शोधायचं नाही असं ठरवून. मग दिसलं की त्यांच्या गाण्यात एकटी बाई फारशी भेटतच नाही. आखाजी आहे, पोळा आहे, गुढी आहे. म्हणजे गावानं मिळून करायच्या गोष्टी. पेरणी, कापणी, उपणणी आहे. म्हणजे दहा हातांनी करायची कामं. जळगावातल्या छापखान्यावरसुद्धा गाणं आहे, म्हणजे नव्याकडं पाहण्याचं धाडसही आहे. त्यांचा देव गाभाऱ्यात कमी आणि खळ्यात, मोटेवर, जात्यापाशी जास्त भेटतो. माणसाच्या लोभाबद्दल, ढोंगाबद्दल त्या जितकं परखड बोलल्या आहेत तितकं आमच्या व्यासपीठावरून मी कधी बोलले नाही. आणि ‘योगी आणि सासुरवाशीण’ या गाण्यात संसार सोडून निघालेल्या पुरुषाला संसारात उभी असलेली बाई उत्तर देते, तेही बरोबरीनं, मान वर करून. मी वर्गात तो संवाद माहेराच्या ओढीचं उदाहरण म्हणून शिकवत होते. आता मला त्यात एक मोठा दावा ऐकू येतो. परमार्थासाठी घर सोडावं लागत नाही, घर धरून ठेवणं हाही परमार्थ आहे, आणि तो पुढच्या पिढीसाठी आहे.

त्यांचा काळही मी मुलांना नीट सांगितला नव्हता. बहिणाबाईंच्या विशीत 1899-1900 चा दुष्काळ पडला, आमच्याकडं म्हातारी माणसं ज्याला छप्पन्नचा काळ म्हणत. पाठोपाठ प्लेगाच्या साथी, 1918 ची तापाची साथ. घरं ओस पडायची, लोक शेतात झोपड्या बांधून राहायचे. त्या वेळी खेड्यात ना दवाखाना होता ना विमा. घरात कर्ता पुरुष नाही, एक मुलगा अपंग, अशी एखादी बाई त्यातून तीन लेकरं घेऊन बाहेर पडते, तेव्हा तिनं कुणाला तरी हात दिलेला असतो आणि कुणीतरी तिला दिलेला असतो. या देण्याघेण्याला कुठलीही वही नव्हती. त्याला बांधून ठेवणारं एकच सूत्र होतं: वर कुणीतरी पाहतोय, म्हणून खाली एकमेकांकडं पाहिलं पाहिजे. मी ज्याला नुसती भाबडी श्रद्धा म्हणत होते, ती त्या काळात खेड्याची सगळी व्यवस्था पेलून धरत होती.

जळगावच्या रामरथाकडंही मी आता वेगळ्या नजरेनं पाहते. कार्तिकी एकादशीला निघणारा हा रथोत्सव संत अप्पा महाराजांनी 1872 साली सुरू केला. लहानपणी मला त्यात फक्त गर्दी दिसायची, मोठेपणी फक्त कर्मकांड दिसायचं. एके वर्षी मी रथाच्या चाकापाशी उभी राहिले. तेवढा अवजड रथ अरुंद गल्ल्यांतून वळवायचा तो चाकांखाली लाकडी मोगऱ्या लावून. मोगरी लावणाऱ्याची नजर क्षणभर जरी ढळली तरी माणसाच्या पायावर चाक जाईल. ओढणारे वेगळे, मोगरी लावणारे वेगळे, वाट मोकळी करणारे वेगळे, आणि ही कामं त्या त्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालत आलेली. रथ भिलपुऱ्यात लालशाबाबा या मुस्लिम संतांच्या समाधीपाशी थांबतो आणि तिथं फुलांची चादर चढते. दीडशे वर्षं माणसं ही शिस्त विनामोबदला सांभाळतात ती कशाच्या जोरावर? आमच्या महिला मंडळाच्या कार्यकारिणीला तीन वर्षांत कोरम मिळेनासा व्हायचा, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

एवढं मत बदललं. पण सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर ते खरं होणार नाही, आणि फुईवरही अन्याय होईल.

फुईला शाळेत घातलं नाही, तिचं दुसरं लग्न कुणाच्या मनात आलं नाही, वाटणीच्या वेळी तिला कुणी विचारलं नाही. तिनं जे केलं ते यामुळं केलं नाही, हे असूनही केलं. तिच्या मोठेपणाचा आधार घेऊन उद्या कुणी म्हणेल की बघा, बाईला शिक्षण नसलं, हक्क नसला तरी ती किती मोठी होते, तर मी त्याच्या विरुद्ध उभी राहीन. बहिणाबाईंच्या निरक्षरतेचं कौतुक करणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. त्यांची गाणी आपल्यापर्यंत आली ती सोपानदेवांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ती लिहून घेतली म्हणून. घरात अक्षर आलेलं होतं म्हणून. अक्षर नसतं तर आज ना पुस्तक असतं, ना त्यांच्या नावाचं विद्यापीठ.

दुसरी गोष्ट सांगायला मला जड जातं. ओट्यावर उभं राहून फुई ज्या घरांचा धूर पाहायची, ती घरं आमच्या गल्लीची होती. आमच्या लेवा भावकीची, फार तर शेजारच्या आळीची. गावाच्या पलीकडल्या वस्तीतल्या चुली तिथून दिसत नव्हत्या. तिकडची एखादी बाई आमच्या शेतात कापूस वेचायला यायची, फुई तिला मायेनं भाकरी द्यायची, तिच्या लेकराला चिंचेच्या सावलीत निजवायची. पण बिबड्यांच्या पाळीत ती बाई कधी नव्हती. फुईची श्रद्धा तिला उंबऱ्याबाहेर घेऊन गेली हे खरं आणि ती एका हद्दीपाशी थांबली हेही खरं. ती हद्द तिनं आखलेली नव्हती, पण तिनं ती ओलांडलीही नाही.

इथं मला पुन्हा साने गुरुजी आठवतात आणि माझ्या लहानपणच्या प्रश्नाचं उत्तर आता वेगळं मिळतं. गुरुजींनी विठ्ठल नाकारला नव्हता. त्यांनी विठ्ठलाचं दार रुंद करायला सांगितलं. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली, ती एका श्रद्धाळू, गरीब, संसारी बाईची गोष्ट आहे. त्याच बाईकडून आपण माणसाला जवळ करायला शिकलो असं तिचा मुलगा सांगतो. उपोषणाला बसणारे गुरुजी आणि आईच्या आठवणी लिहिणारे गुरुजी ही मी दोन वेगळी माणसं समजत होते. ते एकच होते. आईच्या घरातली माया त्यांनी देवळाच्या दारापर्यंत नेली. श्रद्धेनं माणूस घराबाहेर पडतो. किती दूर जायचं हे न्यायाच्या जाणिवेनं ठरतं. माझ्या पिढीनं न्याय धरला आणि माया हलकी मानली. आमच्या आधीच्या पिढीनं माया धरली आणि न्यायाकडं पाहिलं नाही. मला आता दोन्ही एकत्र हवं आहे.

आता गावात बहुतेक घरांत गॅस आहे. माळवदांच्या जागी स्लॅब आले. कुणाच्याच घरातून धूर निघत नाही आणि ते चांगलंच झालं. धुरानं फुईचे डोळे गेले होते. पण कुठल्या घरी आज चूल पेटली नाही, हे आता ओट्यावर उभं राहून कळत नाही. कळतं ते आशा स्वयंसेविकेला. ती घरोघर जाते, गरोदर बाईची नोंद करते, लसीकरणाला लेकरं आणते, म्हाताऱ्यांच्या गोळ्या संपल्या का ते विचारते. ती पलीकडच्या वस्तीतही जाते, कारण तिच्या नोंदवहीत सगळं गाव आहे. फुईचं काम आणि गुरुजींची हद्द ओलांडणारी दृष्टी या दोन्ही गोष्टी मला तिच्या फेरीत दिसतात. आणि तिला आपल्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं, हेही दिसतं. बायकांची सेवा फुकट धरायची आपली सवय किती जुनी आहे, ते त्यावरून कळतं. त्यांच्या मागणीच्या पत्रावर मी सही केली तेव्हा फुईच्या कष्टांचा मोबदला मागतेय असं मला वाटलं.

शेवटी आठवणीबद्दल. आमच्याकडं कुणी म्हातारी बाई गेली की पेपरात द्वारदर्शनाचं निवेदन येतं. त्यात ठरलेले शब्द असतात: धार्मिक, प्रेमळ, कष्टाळू. पुण्यस्मरणाच्या पत्रिकेतही तेच. फुईवर चार ओळी लिहायला बसले तेव्हा माझ्याही लेखणीतून आधी हेच तीन शब्द आले, आणि ते खोटे नव्हते. पण त्या तीन शब्दांत कुठल्याही बाईला बसवता येतं, म्हणून त्यांत कुणीच दिसत नाही. मी ते खोडले आणि गल्लीत विचारत फिरले. फुईनं तुमच्याकडं काय केलं, ते सांगा. मग एकेकीनं सांगायला सुरुवात केली. कुणाच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली होती. कुणाच्या सासूला तिनं समजावून सून माहेरी पाठवली होती. कुणाला शाळेच्या फीसाठी आपल्या कानातलं मोडून दिलं होतं, आणि ते त्या माणसानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एकानं सांगितलं, ती नसती तर मी विहिरीत उडी घेतली असती. हे सगळं मी त्यांच्याच बोलीत लिहून घेतलं. चार ओळींची एक जाड वही झाली.

जुन्या जळगावात चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत, आणि 1990 साली स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 साली त्यांचं नाव मिळालं. माहेरची लेक म्हणून मला याचा फार अभिमान आहे. पण बहिणाबाईंचं खरं ऋण फेडायचं तर सोपानदेवांनी जे केलं ते आपण आपापल्या घरात करायला हवं. आई, आजी, फुई, मावशी जिवंत आहे तोवर तिच्याजवळ बसायला हवं, आणि तिनं कुणासाठी काय केलं ते नावानिशी, तपशिलानिशी लिहून घ्यायला हवं. देवाला किती उपास केले याच्या शेजारी, कुणाच्या घरी किती वेळा चूल पेटवली हेही लिहायला हवं. आणि तिला काय मिळालं नाही तेही त्याच पानावर, न लपवता.

मी अजूनही एकादशी करत नाही. देवळात गेले तर हात जोडते, पण मागणं मागत नाही. माळ घातलेली नाही. पण आता कुणी बाई मला म्हणाली की ताई, मला बैठकीला यायला जमणार नाही, आमच्याकडं सप्ताह आहे, पंगतीच्या पोळ्या माझ्याकडं आहेत, तर मी तिची गैरहजेरी लावत नाही. बैठक दुसऱ्या दिवशी ठेवते आणि त्या पंगतीत पलीकडच्या वस्तीतल्या बायका वाढायला आणि जेवायला असतील का, एवढं तिला विचारते. या वर्षी तिनं हो म्हटलं. पंगत बसली तेव्हा मीही वाढायला होते.